राखून ठेवलेले दिवस

गेल्या नाताळच्या सुटीत आमच्या शाळेचे चार माजी विद्यार्थी मला भेटावयास आले होते. चौघेही आता मिळवते झाले आहेत. एक बँकेत आहे, एक औषधांच्या कारखान्यात, आणि दोघे पुण्यास संगणकाच्या कामात. चहा झाल्यावर त्यांनी एक मोठा कागद उलगडून माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "बाई, तुम्ही त्या बाजूला जाऊन आला आहात. एकदा नजर घाला."

तो कागद पाहून मला खरोखर कौतुक वाटले. नेपाळातील खुंबूचे खोरे, म्हणजे एव्हरेस्टच्या दक्षिणेचा मुलूख, त्यांनी बोटांवर मोजावा तसा मोजला होता. कोंग्मा ला (५,५३५ मीटर), चो ला (५,४२० मीटर) आणि रेंजो ला (सुमारे ५,३६० मीटर) या तीन खिंडी ओलांडायच्या, मध्ये एव्हरेस्टचा पायथा-तळ पाहावयाचा आणि गोक्योच्या सरोवरांवरून परत यावयाचे. प्रत्येक मुक्कामाची उंची, चालण्याचे तास, पाठीवरचे वजन, मोज्यांचे जोडसुद्धा लिहिलेले. लुक्लाहून निघून लुक्लास परत, सारे बारा दिवसांत. मी तो कागद दोनदा वाचला आणि विचारले, "यात रिकामा दिवस कोठे आहे?"

रिकामा दिवस नव्हता. मी म्हणाले की मग ही योजना नव्हे, हे वेळापत्रक आहे. मुलांचे चेहरे उतरले. सुटी चौदाच दिवस मिळते, असे एकाने सांगितले. दुसरा जरा हट्टाने म्हणाला, "बाई, जिद्द असली की होतं, हे तुम्हीच आम्हांला शिकवलंत."

त्या वाक्याचे उत्तर मला त्या दिवशी नीट देता आले नाही. म्हणून ते आज शाळेच्या वार्षिकातून देत आहे. आता शाळेत असलेली मुलेही उद्या असाच कागद घेऊन कोणाकडे तरी जातील, आणि त्यांच्या आईवडिलांनाही तो वाचावा लागेल.

प्रथम हे टी-हाऊस म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. नाही तर आमच्या घाटरस्त्यावरची चहाची टपरी डोळ्यांपुढे उभी राहावयाची. १९५० साली टिलमन खुंबूत गेला तेव्हा तंबू, शिधा, जळण, सारे बरोबर वाहून न्यावे लागे. जिमी रॉबर्ट्स यांनी १९६४ साली काठमांडूस पदभ्रमणाची पहिली संस्था काढली, तीही तंबूंच्याच जोरावर. त्याच वर्षी हिलरींच्या खटपटीने लुक्लाची धावपट्टी झाली. पुढे वाटेवरच्या शेर्पा कुटुंबांनी आपल्या घराची एखादी खोली वाटसरूंना देण्यास आरंभ केला आणि त्यातून ही टी-हाऊस वाढली. आज प्रत्येक मुक्कामी दगडी भिंतींचे, आतून फळ्या मारलेले घर असते. मधल्या दालनात शेगडी, आणि उंचावर तीत वाळलेले शेण जळते, कारण तेथे झाडच नसते. निजावयाच्या खोल्या अरुंद, मधली भिंत प्लायवूडची. खोलीचे भाडे थोडे असते. मात्र जेवण तेथेच घ्यावे असा संकेत आहे, आणि तो पाळणे हे सभ्यपणाचे आहे. दालभात मागाल तितका वाढतात. बटाटे उत्तम. हा बटाटा एकोणिसाव्या शतकात तिकडे पोहोचला आणि त्याने त्या मुलुखाचे जिणे बदलले, असे म्हणतात. जसजसे वर जावे तसतशी प्रत्येक वस्तू महाग होते. माणसाच्या किंवा याकच्या पाठीवरून ती आलेली असते. त्या भावाबद्दल घासाघीस करणारे आपले लोक पाहिले की मला लाज वाटते.

असो. सांगावयाचे ते हे की टी-हाऊसमुळे ओझे हलके झाले, आणि त्या सोयीने आपली फसगतही केली. रोज संध्याकाळी गरम जेवण आणि छप्पर मिळते, तेव्हा माणसाला वाटते की ही वाट म्हणजे एका धर्मशाळेतून दुसऱ्या धर्मशाळेत जाणे आहे. मग तो दोन धर्मशाळांमधील अंतर तासांत मोजू लागतो. हवा मात्र तासांत मोजता येत नाही.

आम्ही समुद्रकाठची माणसे. गोव्यातील सर्वांत उंच डोंगर सोंसोगड. महाराष्ट्रातील कळसूबाई १,६४६ मीटर. सह्याद्रीत हिंडणारा मुलगा पहाटे गडाच्या पायथ्याशी उतरतो, दुपारी माथा गाठतो आणि रात्रीच्या गाडीने घरी येतो. तेथे कस लागतो तो पायांचा आणि छातीचा. म्हणून त्याची समजूत होते की अधिक उंच डोंगरास अधिक दणकट पाय लागतात. ५,५०० मीटरवर हवेचा दाब समुद्रकाठच्या निम्म्यावर आलेला असतो. प्रत्येक श्वासात प्राणवायू निम्मा. शरीर यावर उपाय करते. श्वास वाढवते, मूत्रपिंडे रक्तातील क्षार बदलतात, पुढे तांबड्या पेशी वाढतात. पण हे काम ते आपल्या गतीने, दिवसांच्या हिशेबाने करते. त्याला व्यायामशाळेत कमावलेल्या दंडांची पर्वा नसते. धट्टाकट्टा तरुण उलट जलद चढतो आणि म्हणूनच आधी सापडतो.

म्हणून डॉक्टरांनी एक साधा नियम घालून दिला आहे. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर आदल्या रात्रीपेक्षा निजण्याची उंची ५०० मीटरहून अधिक वाढवू नये, आणि दर तीन-चार दिवसांनी एक जादा रात्र त्याच उंचीवर काढावी. दिवसा थोडे वर चढून रात्री खाली येऊन निजावे, हे तर उत्तमच. ॲसिटाझोलामाइड नावाचे औषध शरीराच्या या कामास मदत करते. ते डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावे. पण ते दिवसांची जागा घेत नाही.

आता मुलांच्या कागदाला हा नियम लावून पाहा. नामचे ३,४४० मीटर, तेथे दोन रात्री. तेंगबोचे ३,८६०. दिंगबोचे ४,४१०, तेथे पुन्हा दोन रात्री. छुखुंग ४,७३०, तेथेही एक जादा रात्र असावी, कारण पुढे कोंग्मा ला आहे. छुखुंगहून ती खिंड चढून, पलीकडे उतरून, वर खुंबूची दगडधोंड्यांनी झाकलेली हिमनदी ओलांडून लोबुचेला पोहोचेपर्यंत आठ-दहा तास जातात, आणि वाटेत एकही छप्पर नाही. मग गोरकशेप, मग झोंगला, मग चो लाची बर्फाळ पाठ, जेथे बुटांना दाते लावावे लागतात. पलीकडच्या उतारावर ऊन चढल्यावर सुटे दगड घरंगळतात, म्हणून पहाटेच निघावे लागते. पुढे न्गोझुंपा हिमनदी. ती सरकत असते, त्यामुळे तिच्यावरची वाट वर्षावर्षाला बदलते. गोक्योला एक दिवस थांबावे, मग रेंजो ला, थामे, नामचे आणि लुक्ला. घाई न करता मोजले तर सतरा दिवस होतात. त्यावर तीन दिवस आजारपण आणि हिमपात यांसाठी, दोन दिवस विमानासाठी. गोव्याहून काठमांडूस जाण्यायेण्याचे वेगळे.

विमानाचे दोन दिवस का, असे कोणी विचारील. लुक्लाची धावपट्टी अवघी ५२७ मीटर लांब आणि चढाची आहे. एका टोकाला डोंगर, दुसऱ्या टोकाला दरी. ढग आले की विमान उडत नाही, आणि ते न उडणेच शहाणपणाचे. गर्दीच्या मोसमात बरीचशी विमाने काठमांडूऐवजी रामेछापजवळच्या मंथलीहून सुटतात, आणि त्यासाठी काठमांडू मध्यरात्रीनंतर सोडावे लागते. ज्यांच्यापाशी दिवस आहेत त्यांनी सल्लेरीपर्यंत जीपने जाऊन पुढे पायीच जावे, असे माझे मत आहे. ती वाट सखल भागातून हळूहळू चढते आणि शरीराला तयार करते.

हे सारे मला पुस्तकांतून कळले असते तर बरे झाले असते. २०२२ सालच्या दिवाळीच्या सुटीत आम्ही तिघी खुंबूत गेलो होतो. आमच्या योजनेत दोनच खिंडी होत्या, चो ला आणि रेंजो ला. आणि ती योजना माझी होती. तीन आठवड्यांच्या सुटीत ती बरोबर बसवली होती, इतकी बरोबर की सुई शिरण्यास जागा नव्हती. मंथलीच्या विमानतळावर ढगांकडे पाहत आमचे दोन दिवस गेले. ते भरून काढण्यासाठी मी नामचेची दुसरी रात्र कापली आणि दिंगबोचेची दुसरी रात्रही कापली. आमचा वाटाड्या सोलूच्या बाजूचा राई होता. आम्ही त्याला दाजू म्हणत असू. तो म्हणाला, "दिदी, बिस्तारै." म्हणजे सावकाश. मी हसून मान हलवली आणि निघाले.

दिंगबोचेहून एका दिवसात आम्ही ४,९४० मीटरवरील लोबुचेस आलो. रात्री माझी मैत्रीण जेवली नाही. लसणीचे सूप दोन चमचे घेतले आणि दमले म्हणून निजावयास गेली. ती शेजारच्या खोलीत एकटी होती. मध्यरात्रीच्या सुमारास प्लायवूडच्या भिंतीपलीकडून ती उठून बाहेर जाताना मी ऐकले. तिची ओकारी ऐकली. थोड्या वेळाने पुन्हा ऐकली. मी जागी होते आणि बोटांवर दिवस मोजत होते: उद्या येथे थांबलो तर चो ला गेली. मी उठले नाही. सकाळपर्यंत उतार पडेल, असे स्वतःला सांगितले आणि झोपेच्या पिशवीत तोंड घातले.

पहाटे तिला बुटाचे बंद बांधता येईनात. दाजूने तिला अंगणात आणले आणि एका सरळ रेषेवर टाचेला अंगठा लावून चालावयास सांगितले. ती दारू प्यालेल्या माणसासारखी झोकांड्या खाऊ लागली. मेंदूस सूज येऊ लागल्याची ती खूण होती. दाजूने आमचे मत विचारले नाही. त्याने आणि भारवाहकाने तिचे दोन्ही दंड धरले आणि उजाडता उजाडता खालची वाट धरली. थुकलाच्या चढावर, डोंगरात गेलेल्या माणसांची दगडी स्मारके आहेत; त्यांच्यामधून आम्ही चौघे तिला घेऊन उतरलो. फेरिचेस १९७३ पासून उंचीवरच्या आजारांसाठी एक उपचारकेंद्र मोसमात चालते. तेथे तिला प्राणवायू आणि औषध मिळाले, आणि सर्वांत मोठे औषध म्हणजे सुमारे सहाशे मीटर खालची हवा. दुसऱ्या दिवशी ती नीट चालू लागली.

डॉक्टरांनी तिला विचारले, डोके केव्हापासून दुखत होते? ती म्हणाली, कालच्या दुपारपासून. मग सांगितले का नाही? तेव्हा ती म्हणाली, "सगळ्यांचा एक दिवस वाया गेला असता."

ती भित्री नव्हती आणि अडाणीही नव्हती. लक्षणे तिला पाठ होती. काठमांडूस तीच आम्हांला वाचून दाखवीत होती. पण मी तयार केलेल्या योजनेत, डोके दुखते असे म्हणण्याची किंमत एका खिंडीइतकी होती, आणि ती किंमत इतर दोघींकडून वसूल होणार होती. असा कागद केला की त्यावरची माणसे खोटे बोलू लागतात. गोव्यास परतल्यावर एके दिवशी मी तिला सांगितले की त्या रात्री मी सारे ऐकले होते. ती म्हणाली, "मला ठाऊक होतं. तुझं कूस बदलणं मलाही ऐकू येत होतं."

म्हणून, माझ्या हट्टी विद्यार्थ्या, जिद्द हा शब्द मी तुला शिकवला हे खरे. आम्ही शिक्षक त्यावर निबंध लिहून घेतो, वक्तृत्वाची बक्षिसे देतो, आणि स्नेहसंमेलनात पाहुण्यांकडून तोच शब्द पुन्हा ऐकतो. पण कशासाठी जिद्द धरावी हे सांगावयाचे राहून जाते. चौघांतील सर्वांत हळू चालणाऱ्याच्या गतीने सर्वांनी चालणे, यास जेवढी जिद्द लागते तेवढी खिंड चढण्यास लागत नाही. मला तरी ती दाखवता आली नव्हती.

राखीव दिवस कागदावर लिहिताना ते शेवटी एकत्र लिहू नयेत, असे मी अनुभवाने सांगते. शेवटी लिहिलेले दिवस विमान खाऊन टाकते. एक नामचेला, एक दिंगबोचेला, एक गोक्योच्या आधी असे ते पसरावेत आणि त्यांवर कोणाचा हक्क नाही असे आधीच ठरवावे. त्यांचे पैसेही वेगळे बांधावेत. नामचेच्या पुढे पैसे काढण्याचे यंत्र मिळेल या भरवशावर राहू नये, आणि पैसे संपत आले म्हणून आजारी माणसाला वर चालवणे हे प्रत्यक्षात घडते. विमा काढताना किती उंचीपर्यंत तो चालतो ते वाचावे. पुष्कळ साधे विमे ३,००० किंवा ४,००० मीटरवर थांबतात. मात्र हेलिकॉप्टर आहे म्हणून निर्धास्त होऊ नये. ढगांत तेही येत नाही. आणि किरकोळ दुखण्यासाठी लोकांना हेलिकॉप्टरात घालून विम्याचे पैसे लाटण्याचे प्रकार २०१८ साली नेपाळ सरकारच्या चौकशीत उघडकीस आले होते.

वाटाड्या घ्यावाच. १ एप्रिल २०२३ पासून नेपाळने परदेशी वाटसरूंसाठी तसा नियम केला, तरी खुंबूच्या स्थानिक पालिकेने तो त्या वेळी आपल्याकडे लागू केला नाही. तेव्हा कायद्याकडे बोट दाखवून कोणी म्हणेल की गरज नाही. पण त्या पहाटे आमच्यापैकी कोणी निर्णय घेऊ शकली असती असे मला वाटत नाही. तिसऱ्या माणसाला खिंडीची हाव नसते, एवढाच त्याचा मोठा उपयोग. मात्र त्याचे 'थांबा' ऐकावयाचे, हे निघण्यापूर्वी सर्वांनी मान्य केले पाहिजे.

आणि भारवाहकाविषयी थोडे. आपल्याकडे ओझे वाहणाऱ्या प्रत्येकाला शेर्पा म्हणतात. शेर्पा ही एक जमात आहे; काही शतकांपूर्वी पूर्व तिबेटातून आलेली, आणि खुंबू हे तिचे घर. ओझी वाहणारे पुष्कळसे तरुण खालच्या डोंगरांतील राई, तामांग, मगर असतात. त्यांना उंचीची हवा आपल्यासारखीच बाधते, आणि रोजगार बुडेल म्हणून ते आपल्यापेक्षाही अधिक लपवतात. मुलांच्या कागदावर भारवाहकापुढे फक्त किलो लिहिले होते. तो कोठे निजेल, त्याचे बूट कसे आहेत, तो आजारी पडला तर त्याच्याबरोबर खाली कोण जाईल, याची रांग नव्हती. माझ्याही योजनेत नव्हती.

आता मुलांचा खरा आक्षेप. शिक्षकाला लांब सुट्या असतात, त्याने राखीव दिवसांची भाषा बोलावी. नोकरी करणाऱ्याने काय करावे? हा आक्षेप मला मान्य आहे, आणि त्याला माझ्यापाशी गोड उत्तर नाही. चौदा दिवस मिळत असतील तर तीन खिंडींची वाट त्यांची नव्हे. नामचे, खुमजुंग, तेंगबोचे इतके करून यावे. खुमजुंगला हिलरींनी १९६१ साली बांधलेली शाळा आहे. शिक्षिकेच्या नात्याने मला ती खिंडीपेक्षा कमी वाटली नाही. पोरांना हे सांगितले तेव्हा ती नम्रपणे गप्प बसली. वीस-पंचविशीत असा सल्ला कोणाला आवडतो? आणि पालकांनो, तुमचा मुलगा किंवा मुलगी असा कागद घेऊन आली तर "नको जाऊस" म्हणू नका. रिकामे दिवस किती, एवढेच विचारा, आणि उत्तर ऐकून घ्या.

फेब्रुवारीत त्या चौघांपैकी बँकेतल्याचे पत्र आले. दोघांना अधिक रजा मिळाली, दोघांना नाही. वाद झाला, थोडे बोलणेही बंद होते असे कळले. शेवटी चौघांनी मिळून कोंग्मा ला आणि चो ला सोडली. ऑक्टोबरात गोक्योपर्यंत जावयाचे, हवा आणि प्रकृती पाहून रेंजो ला. बरोबर नवा कागद जोडला आहे. त्यात तीन ओळी कोऱ्या आहेत, आणि भारवाहकासाठी एक नवी रांग आखली आहे. ती भरून पाठवा, असे लिहिले आहे. मी ती दाजूकडे पाठवली.